आईचं ब्रेस्टचं ऑपरेशन ठरलेलं, मधेच कोविड झाला. किती थांबायचं?

राजारामपुरी_७वी_गल्ली:
नमस्कार मंडळी. आई ६१ वर्षांची, शुगर आहे, गोळ्या चालू. डाव्या बाजूला गाठ, बायोप्सीत कॅन्सर आला, स्टेज दोन सांगितलीय, रिपोर्टमध्ये ईआर पॉझिटिव्ह आहे, म्हणजे हार्मोनवर वाढणारी गाठ. ऑपरेशनची तारीख मिळाली, योजनेतनं मंजुरीपण आली आणि नेमका घरात व्हायरल फिरला, आधी पोरगं शाळेतनं घेऊन आलं मग मी मग आई. ताप लवकर उतरला, सॅच्युरेशन कधी खाली गेलं नाही, अॅडमिट करायची वेळ आली नाही, पण टेस्ट कोविड पॉझिटिव्ह. आता आठवडा उलटून गेलाय तरी खोकला आहे आणि जिना चढली की दम लागतोय. सर्जन म्हणाले जरा थांबू, भूलेच्या डॉक्टरांना दाखवून ठरवू. घरात दोन पार्ट्या पडल्यात. मामा म्हणतोय ताप गेलाय तर सांगायचंच कशाला, गाठ काय थांबती व्हय. बहीण पुण्यातनं रोज फोन करून सांगते सात आठवडे थांबायचा नियमच आहे. आई म्हणते एकदाचं उरका. सात आठवड्यात पसरणार नाही का ओ? कुणी यातनं गेलंय का?

शिवा_गडहिंग्लज:
भावा आधी मामांना आवरा, लपवायचं काम अजिबात करू नका. आमच्या वडिलांचं गालाचं ऑपरेशन ठरलेलं (मावा, दुसरं काय) आणि त्याच्या तोंडावर डेंग्यू. प्लेटलेट पार खाली. आम्हाला वाटलं ताप उतरला म्हणजे सुटलो, पण डेंग्यूत ताप उतरतानाच खरा धोका असतो, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर कळलं. त्यांनी प्लेटलेट वर आल्याशिवाय आणि लिव्हरचे रिपोर्ट सुधारल्याशिवाय हात लावला नाही. पण जास्त लांबवलं पण नाही, कारण तोंडाचा कॅन्सर लवकर वाढतो म्हणे. गावातनं पपईच्या पानांचा रस घेऊन माणसं यायची, प्लेटलेट आपसूक वाढल्या आणि श्रेय पपईला. सांगायचं म्हणजे प्रत्येक व्हायरसचा हिशोब वेगळा आणि प्रत्येक कॅन्सरचा पण.

गुंगीवाला:
मी भूल देण्याचंच काम करतो, तुमच्या आईंना बघितलेलं नाही, त्यामुळं हे फक्त डॉक्टरांना काय विचारायचं ते कळावं म्हणून.

बहिणीचा सात आठवड्यांचा आकडा हवेतला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ११६ देशांतल्या १ लाख ४० हजारांवर ऑपरेशनच्या पेशंटचा अभ्यास झाला होता. कोविड न झालेल्यांत ऑपरेशननंतर महिनाभरात साधारण दीड टक्के लोक दगावले, कोविडनंतर पहिल्या दोन आठवड्यांत ऑपरेशन झालेल्यांत चार टक्क्यांच्या आसपास, आणि सात आठवड्यांनंतर आकडा परत दीडवर आला. पण तेव्हा लस नव्हती आणि व्हायरसही वेगळा होता. २०२३ ला अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं की घाई नसलेलं ऑपरेशन निदान दोन आठवडे तरी नको, आणि दोन ते सात आठवड्यांत पेशंट बघून ठरवा. कॅन्सरचं ऑपरेशन हर्नियासारखं कितीही ढकलता येत नाही, म्हणून हा मधला काळच तुमच्या कामाचा.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सात आठवडे होऊनही ज्यांना त्रास चालू होता त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ६ टक्के होतं. म्हणजे नुसतं कॅलेंडर बघून चालत नाही. आईंचा खोकला आणि विशेष करून जिन्यावरचा दम, हे भूलेच्या तपासणीत पहिल्यांदा सांगा. छातीचा एक्सरे, ईसीजी, लागलं तर टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) करतील. शुगर इन्फेक्शननंतर वाढते, स्टेरॉईड दिलं असेल तर अजूनच, ती तपासा. टेस्ट निगेटिव्ह यायची वाट बघत बसू नका, आरटीपीसीआर बरं झाल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते.

एक जमेची बाजू म्हणजे ब्रेस्टच्या ऑपरेशनला पोट किंवा छातीची पोकळी उघडत नाहीत, त्यामुळं फुप्फुसांवर ताण त्या मानानं कमी. आणि ईआर पॉझिटिव्ह असेल तर थांबायच्या काळात हार्मोनची गोळी चालू करता येते, कोविडच्या लाटेत ऑपरेशनं पुढं गेली तेव्हा खूप ठिकाणी हेच केलं. आईंना चालेल का, सर्जनना सरळ विचारा.

पसरण्याचं म्हणाल तर उशीर फुकटचा नसतो. २०२० च्या एका मोठ्या आढाव्यात ऑपरेशन चार आठवडे लांबलं की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो असं आलं होतं, पण हे टक्के मूळ धोक्यावरचे आहेत, शंभरात सहा माणसं जास्त जातात असं नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी आकाश कोसळत नाही, मात्र "बघू पुढं" असं मोघम सोडू नका, तपासणीची पक्की तारीख घ्या.

कसबा_बावडा_ताई:
ते तीन बॉलचं फुंकायचं यंत्र मिळतं बघा मेडिकलात, खरं तर फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो, निम्मी माणसं उलटं करतात. माझ्या जावेला ऑपरेशनच्या आधीपासनंच करायला लावलेलं. सकाळी गर्दी नसते तेव्हा रंकाळ्यावर हळूहळू चालवा, दम लागला की थांबायचं. अंडी, डाळ, पनीर खाऊ दे. नातवाला सर्दी असेल तर वेगळ्या खोलीत झोपवा, आणि नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत आत्ता नको, देवी काय रागवत नाही. आईंना समजावताना "पुढं ढकललं" असं नका म्हणू, त्या धास्ती घेतात, तयारी चाललीय म्हणायचं.

राजारामपुरी_७वी_गल्ली:
सगळ्यांचे आभार. आज भूलेच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो, दम लागतोय म्हटल्यावर त्यांनी लगेच एको सांगितला, उद्या आहे. हार्मोनच्या गोळीचं विचारलं तर सर्जन म्हणाले एको बघून तारीख ठरवू, लांबली तर गोळी सुरू करू. मामा सोबत होता, दवाखान्यात एक शब्द बोलला नाही 😀 आता तारीख पुढं गेली तर योजनेची मंजुरी रद्द होती का, हे कुणाला माहिती आहे?

शिवा_गडहिंग्लज:
दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं टेबल असतंय, आजच त्याच्या कानावर घाला. जुनी मंजुरी चालती का नवीन टाकायची ते तो सिस्टीमवर बघून सांगतो. रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स जवळ ठेवा.