विकत घेतलेलं कॉमिक आपल्याकडे राहायला हवं

डिजिटल कॉमिक्स विकत घेण्याचे दिवस संपले, यापुढे फक्त महिन्याची वर्गणी चालेल, असं हल्ली म्हटलं जातं; ते मत मला अर्धंच पटतं. नवीन काय आवडतंय ते चाचपायला वर्गणी उत्तमच. पण जी मालिका पुन्हा पुन्हा काढून वाचाविशी वाटते, तिची फाइल आपल्याकडे असायलाच हवी. डिजिटल कॉमिक्स विकणाऱ्या कॉमिक्सॉलॉजीचं काय झालं बघा. २००७ साली सुरू झालेली ही कंपनी २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉनने घेतली आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिचं स्वतंत्र अ‍ॅप किंडल या आपल्या पुस्तकं वाचायच्या सेवेत विलीन केलं. आधीची खरेदी किंडलवर आली खरी, पण ती कुठल्या अ‍ॅपवर वाचायची हे वाचकाला कुणी विचारलं नाही. याउलट इमेज कॉमिक्स या प्रकाशकाने २०१३ मध्येच कुलूप नसलेल्या, म्हणजे एकाच अ‍ॅपला न बांधलेल्या फाइल्स विकायला सुरुवात केली होती. अशा कॉमिक्सचा एक प्रकार असलेली सीबीझेड फाइल म्हणजे तरी काय, क्रमाने लावलेल्या चित्रांची झिप! दुकान बंद पडलं तरी ती उघडते.

वाचण्याबद्दल म्हणाल, तर उभं स्क्रोल, म्हणजे एकाखाली एक चौकटी सरकवत वाचणं, फोनवर सोयीचं आहे. दोन चौकटींमधली रिकामी जागा वाढवून चित्रकार वाचकाला ताटकळत ठेवू शकतो, हे छापील पानावर एवढं जमत नाही. पण दोन पानांवर पसरलेलं चित्र एकेका तुकड्याने दाखवलं की मांडणीच मोडते. नजर आधी अख्ख्या पानावर फिरते, मग चौकटीत शिरते. म्हणून छापील पानासाठी काढलेली कॉमिक्स मी तरी मोठ्या टॅबवरच वाचते, आणि पैसे भरण्याआधी फाइल उतरवून घेता येते का ते बघते.