चोथा म्हणजेच तंतुमय पदार्थ का?
तंतुमय पदार्थ (फायबर) म्हणजे शेवग्याची शेंग चघळल्यावर उरणारा चोथा, असे एका प्रतिसादात म्हटले आहे. ते खरे असले तरी अपुरे आहे, म्हणून थोडी भर घालतो.

त्या चोथ्यात मुख्यतः सेल्युलोज आणि वनस्पतींना कडकपणा देणारे लिग्निन असते. सेल्युलोज हे भातातील स्टार्चप्रमाणेच ग्लुकोजच्या रेणूंची लांबलचक साखळी असते. मात्र त्यातील ग्लुकोजचे रेणू स्टार्चपेक्षा वेगळ्या, बीटा प्रकारच्या बंधांनी जोडलेले असतात आणि ते बंध तोडणारे विकर (एन्झाइम) मानवी शरीर तयार करत नाही. एवढ्याशा फरकामुळे भात पचतो आणि चोथा पचत नाही, हे मला फार विलक्षण वाटते. लिग्निन तर कर्बोदकही नाही.

परंतु कित्येक तंतुमय पदार्थांत धागा दिसतच नाही. पेरूतील पेक्टिन, गवारीच्या बियांतील डिंक आणि ओट्स व जवातील बीटा-ग्लुकान पाण्यात मिसळून घट्टपणा आणतात. इसबगोल पाण्यात घालून पाच-दहा मिनिटे ठेवले, तर पेल्यात चमचा जड फिरू लागतो. ते काम त्यातील अरॅबिनोझायलान या बहुशर्करेचे (अनेक शर्करांच्या साखळीचे) असते.

‘तंतू शरीरातून जसेच्या तसे बाहेर पडतात’ हे विधानही सरसकट खरे नाही. पेक्टिनसारखे पदार्थ मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात आणि त्यातून तयार होणारे ब्युटिरेट हे छोटे मेदाम्ल तेथील अस्तराच्या पेशींचे प्रमुख इंधन असते.