अनोळखी डाइव्हिंग बडीवर कितपत विसंबावे? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. माझ्या आतापर्यंत २६ डाइव्ह (पाठीवर हवेचे सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरणे) झाल्या असून त्यांतील बहुतेक एकाच मैत्रिणीबरोबर झाल्या. कानाच्या त्रासामुळे तिला डाइव्हिंग थांबवावे लागले आहे. परवा होणाऱ्या ३० मीटरच्या डाइव्हसाठी माझे बडी, म्हणजे पाण्याखालचे जोडीदार, म्हणून एका अनोळखी गृहस्थांशी जोडी लावण्यात आली आहे. त्यांच्या दोनशेहून अधिक डाइव्ह झाल्या आहेत.

काल आम्ही १२ मीटरपर्यंत एकत्र गेलो होतो. उतरण्यापूर्वी एकमेकांची साधने तपासू या असे मी म्हटले, तेव्हा "माझे मी पाहिले आहे, तुम्ही तुमचे पाहा," असे उत्तर मिळाले. तरीही मी आग्रहाने त्यांना रेग्युलेटरमधून (सिलिंडरची हवा तोंडाशी आणणारे साधन) दोन-तीन श्वास घ्यायला लावले आणि त्यांच्या गेजवर, म्हणजे सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या मापकावर, लक्ष ठेवले. २०० बारवर असलेला काटा दर श्वासाला खाली जाई आणि श्वास थांबताच पुन्हा वर येई. म्हणजे सिलिंडरची झडप पुरती उघडलेलीच नव्हती. त्यांनी हात मागे नेऊन ती उघडली, पण त्याविषयी अवाक्षरही काढले नाही. चूक कोणाकडूनही होऊ शकते. मला खटकले ते हे मौन.

पाण्याखाली ते छायाचित्रे काढत बरेच पुढे जात होते आणि मी हवा किती उरली असे खुणेने विचारले, तर केवळ 'ठीक' अशी खूण करत होते, आकडा सांगत नव्हते. मात्र माझ्या मास्कमध्ये पाणी शिरले तेव्हा ते तत्काळ परतले आणि मास्क रिकामा होईपर्यंत माझा दंड धरून थांबले, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. म्हणूनच निर्णय होत नाही.

३० मीटरवर दाब ४ बार असल्याने हवा पृष्ठभागाच्या चौपट वेगाने संपते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्याला तिथे ८० लिटर लागते आणि १२ लिटरच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये एकूण २,४०० लिटरच हवा असते. अशा वेळी माझा रेग्युलेटर बिघडला, तर दहा मीटर पुढे गेलेल्या बडीच्या ऑक्टोपसचा (जोडीदाराला हवा देण्यासाठीचे जादा मुखसाधन) मला काय उपयोग?

उद्या ५ मीटरवर हवा वाटून घेण्याचा आणि तसेच एकत्र वर येण्याचा सराव करू या, असे त्यांना सुचवण्याचा माझा विचार आहे. किती हवा उरली की परत फिरायचे तो आकडा, दोघांमधील अंतर आणि चुकामूक झाल्यास एक मिनिट शोधून वर यायचे, हेही आधीच ठरवून घेईन. इतका अनुभव असलेल्या माणसाला हे अपमानास्पद वाटेल का? त्यांनी सरावाला नकार दिला, तर डाइव्ह रद्द करावी, की गाइडला सांगून १८ मीटरपर्यंतच जावे? आणि एका उथळ सरावावरून खोल पाण्यातील वागणुकीचा अंदाज खरोखर येतो का? अनोळखी बडीबरोबर नियमित उतरणाऱ्यांनी, विशेषतः ज्यांनी कधी ऐनवेळी माघार घेतली आहे त्यांनी, कृपया उद्या सकाळपूर्वी उत्तर द्यावे.