दम्याच्या पोरांना पीटीच्या तासाला खेळवायचं कसं?

पीटीसर_मानेवाडा:
नमस्कार मंडळी, मी नागपुरात एका शाळेत पीटी घेतो. सकाळची शाळा, पहिलाच तास ग्राउंडवर, आणि डिसेंबर-जानेवारीत पारा कधीकधी १० च्या खाली जातो. सहावी ते आठवीत दमा असलेली काही पोरं आहेत, एका पोरीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. घरून चिठ्ठी येते 'खेळवू नका', मग ती पोरं वर्षभर बाकांवर बसून दुसऱ्यांची दप्तरं सांभाळतात, मला ते बघवत नाही. पण धावताना काही झालं तर जबाबदारी माझीच ना. कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

खामल्याची_आई:
सर, तुम्ही स्वतःहून विचारून राहिले यातच खूप आलं. माझ्या मुलाला लहानपणापासून दमा आहे, आमच्या डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट, खेळ बंद नाही करायचा, दमा कंट्रोलमध्ये ठेवायचा. २००३ मध्ये लंडनला मॅरेथॉनचा वर्ल्ड रेकॉर्ड करणारी पॉला रॅडक्लिफ पण दम्याचीच आहे. रोजचा स्टेरॉइडचा पंप वेगळा आणि धाप लागल्यावर घ्यायचा साल्बुटामॉलचा, बहुतेक निळा राहतो तो, वेगळा. आधीच्या शाळेत हा निळा पंप ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवायचे, चावी क्लार्ककडे आणि क्लार्क जाग्यावर नाही!! खूप भांडले मी तेव्हा. पंप ग्राउंडवरच पाहिजे, पोराच्या खिशात नाहीतर तुमच्या शिट्टीच्या पिशवीत. पंपाची सवय लागते वगैरे काही खरं नाही. पण खेळाआधीचा डोस सोडून आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा निळा पंप लागत असेल तर घरी कळवा, म्हणजे दमा कंट्रोलमध्ये नाही.

सिस्टर_मेडिकल_चौक:
मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. धावताना पोरं तोंडाने श्वास घेतात, थंड कोरडी हवा नाकातून गरम न होता सरळ आत जाते, आतलं अस्तर सुकतं आणि नळ्या आवळतात. आणि त्रास बरेचदा थांबल्यावर ५-१० मिनिटांनी वाढतो, म्हणजे तास संपला, पोरगं जिना चढून वर्गात गेलं आणि तिथे धाप, म्हणून वर्गशिक्षिकेलाही सांगून ठेवा. आधी १०-१५ मिनिटं हळूहळू वॉर्मअप, थंडीत नाकातोंडावर स्कार्फ, डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर खेळाच्या १५ मिनिटं आधी पंप. लांब पल्ल्याचं धावणं जड जातं, व्हॉलीबॉल, बॅडमिंटन, क्रिकेट सोपं, मधेमधे दम घ्यायला मिळतो.
अटॅक आलाच तर बसवा, आडवं करू नका, गर्दी हटवा. स्पेसरमधून, म्हणजे पंपाला लावायच्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यातून, निळ्या पंपाचा एकेक पफ, प्रत्येक पफला ४ श्वास, असे ४ पफ, मग ४ मिनिटं थांबा, फरक नसेल तर परत ४. बोलता येत नसेल, ओठ निळे पडले तर लगेच १०८, गाडी येईपर्यंत पफ चालू ठेवा. आणि पोरगं दमलेलं असताना छातीतली शिट्टी अचानक बंद झाली तर बरं वाटलं असं समजू नका, ती जास्त धोक्याची खूण आहे.

खोखो_कोच:
सिस्टरनी सगळं सांगितलंच, मी फक्त ग्राउंडचं बोलतो. धूळ असेल तर तासाआधी पाणी मारून घ्या. पावसाळ्यानंतर गाजर गवत फुलतं तेव्हा श्रमदानात ते उपटायला या पोरांना अजिबात पाठवू नका, अ‍ॅलर्जीवाल्यांना त्याचे परागकण फार त्रास देतात. आणि सर, मॅचनंतर शेंगदाणा चिक्की वाटायची पद्धत बंद करा, तुमच्याकडे ती पोरगी आहे ना! अंगावर गांधी उठून सोबत ओठ सुजले, आवाज बसला, धाप लागली की अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट बघायची नाही, तिथे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं. शाळेजवळच्या कोणत्या दवाखान्यात ते ठेवतात हे आजच विचारून ठेवा.

पीटीसर_मानेवाडा:
चिक्कीचं तर डोक्यातच नव्हतं, बंदच करतो. पालकांना बोलावून सांगतो, 'खेळवू नका'च्या जागी डॉक्टरांकडून लिहून आणा, कोणता पंप, किती पफ, फोन कोणाला. सिस्टर, एक स्पेसर सगळ्यांना चालतो का?

सिस्टर_मेडिकल_चौक:
नाही हो सर, ज्याचा त्याचा वेगळा ठेवा, वर नाव लिहा. साबणाच्या पाण्यात धुवा आणि कपड्याने पुसू नका, तसाच वाळू द्या, पुसलं की औषध आतल्या प्लॅस्टिकलाच चिकटून राहतं. पंपांवरची एक्सपायरी पण बघून घ्या.