१९४५ ची जर्मन रायफल: 'मूळ रूपात' आणावी की आहे तशी ठेवावी?

सह्यकडा (पेनसिल्वेनिया):
ओळखीच्या एका संग्राहकाने रशियन गोदामातून आलेली माउझर ९८के, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन सैन्याची रायफल, घेतली. तिच्यावरची काळपट लाख खरवडून काढली, नाझी गरुडाचे शिक्के असलेले सुटे भाग शोधून बसवले आणि 'अस्सल १९४४' म्हणून सगळ्यांना दाखवली. लोकांनी पाठ थोपटली. माझं मत स्पष्ट आहे: असं करू नये.

युद्धाच्या शेवटच्या महिन्यांतली ९८के हातात घेऊन बघा. नळीभोवतीच्या पट्ट्या पत्र्यातून ठोकून काढलेल्या, त्या अडकवायला स्प्रिंगऐवजी साधा स्क्रू. संगीन बसवायची जागाच नाही. नळी साफ करायची, तिच्याखाली बसणारी सळई नाही. बोल्ट उघडायला दस्त्यात (रायफलीच्या लाकडी भागात) जी धातूची चकती असे, तीही गेली. त्या कामासाठी मागच्या पत्र्याला नुसतं भोक. धातूवर कातकामाचे ओरखडे तसेच सोडलेले. १९३८ ची रायफल शेजारी ठेवली की जर्मन कारखान्यांचा दम कसा सुटत गेला ते बोटांना कळतं.

आणि ती कुणाच्या हातून घडली हेही. रायफलीवर कारखान्याच्या नावाऐवजी कोड असे. 'बीएनझेड' हा श्टायर या ऑस्ट्रियातल्या कंपनीचा कोड. त्या कंपनीच्या शस्त्रांच्या कामाला गुसेन या नाझी छळछावणीतले कैदी जुंपलेले होते. वायमारच्या गुस्टलॉफ कारखान्याचा कोड 'बीसीडी'; त्या कंपनीचा एक कारखाना बुखेनवाल्ड छळछावणीला लागूनच होता. २४ ऑगस्ट १९४४ ला दोस्त राष्ट्रांनी त्यावर बॉम्ब टाकले, त्यात शेकडो कैदी मेले. अशा वस्तूवरचे ओरखडे घासून आपण कुणासाठी साफसफाई करतोय?

सुतारपक्षी:
दादा, भावना समजली, पण युक्तिवाद पटला नाही. रशियन गोदामातल्या रायफलीचं मूळ रूप आधीच गेलेलं असतं. युद्धानंतर त्यांनी हजारो रायफली सुट्या केल्या, भाग धुतले, हाताला येईल तो बोल्ट हाताला येईल त्या रायफलीत घातला आणि त्यावर विजेच्या लेखणीने नंबर कोरले. तुम्ही जे जपायचं म्हणताय तो गोदामातला खिचडी-कारभार आहे. मी दस्त्यांची कामं करतो. त्या लाखेखालचं जर्मन लाकूड, थर चिकटवून केलेलं, वर आणण्यात मला काहीही गैर वाटत नाही. अमेरिकन सैनिकांनी बॅगेत मावावी म्हणून दस्ता मधोमध कापून घरी आणलेल्या रायफलीही मी जोडून दिल्यात. तेही पाप का?

सह्यकडा:
कापलेला दस्ता जोडायला माझी हरकत नाही, जोड दिसत राहिला तर. रशियन रायफलीवरचा फुलीचा शिक्का मात्र माझ्या लेखी कागदपत्राइतका मोलाचा आहे. ही रायफल लाल सेनेने जिंकून घेतली, पुन्हा लढाई लागली तर हाताशी असावी म्हणून सांभाळली, आणि सोव्हिएत संघ मोडल्यावर ती विकली गेली, हे सगळं ती फुली सांगते. तुम्ही प्रामाणिक आहात, पण रायफल तुमच्याकडून तिसऱ्या माणसाकडे गेली की तुमचा प्रामाणिकपणा तिच्यासोबत जात नाही. बाजारात खोटे शिक्के मारलेल्या रायफली किती फिरतात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहता.

अपर्णा_टोरांटो:
तुम्ही दोघंही मूळ प्रश्न सोडून बोलताय. युगोस्लाव्हियाने ज्या रायफलींवरचे जर्मन शिक्के घासून स्वतःचं चिन्ह मारलं, त्या स्वस्त. ज्यांच्यावर गरुड आणि स्वस्तिक शाबूत, त्या महाग. नळी तीच, पोलाद तेच. म्हणजे गिऱ्हाईक जादा पैसे कशाचे मोजतं? तुमचा हेतू कितीही चांगला असो, बाजार त्या चिन्हालाच भाव देतो आणि प्रत्येक खरेदीने तो भाव चढतो. गुसेनमध्ये राबलेल्या माणसाची आठवण जपायची असेल तर ती वस्तू संग्रहालयात, त्याच्या माहितीसकट असावी. कुणाच्या तळघरातल्या भिंतीवर नाही.

माणगावकर:
अपर्णाताई, संग्रहालयांच्या कोठारात या रायफली आधीच पडून आहेत, आणखी कोण घेणार? आमच्या भागातल्या माणसाने या युद्धाकडे वेगळ्या बाजूने पाहिलंय. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबरच्या वरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे जर्मन मशिनगनवर एकटे चालून गेले. तुकडीतले बाकी सगळे पडले होते. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक उलटी धरून त्यांनी शेवटचे दोघे लोळवले, आणि मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. समोरच्या पायदळाचं रोजचं हत्यार हीच ९८के. मला ती जर्मन कारागिरीचा नमुना म्हणून पाहायची नाही, आपली माणसं कशासमोर उभी राहिली ते कळावं म्हणून पाहायची आहे. त्यासाठी ती जशी उरली तशीच हवी.

नर्मदाकाठ:
भारतात राहणाऱ्यांसाठी एवढंच: शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर इथे परवान्यावरही दोनच हत्यारं ठेवता येतात. तेव्हा इथून कुणी मागवायचा विचारही करू नये.

सुतारपक्षी:
माणगावकरांचं म्हणणं काळजाला भिडलं. तरी लाकडावर काम करणं मी थांबवणार नाही. यापुढे केलेल्या प्रत्येक दुरुस्तीचं वर्ष दस्त्याच्या आतल्या बाजूला कोरत जाईन, इथवर मी येऊ शकतो.

सह्यकडा:
हे झालं तरी पुष्कळ. शिक्क्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 'एसव्हीडब्ल्यू ४५' (माउझर कारखान्याचा कोड आणि वर्ष) असं लिहिलेली रायफल हिटलरच्या शेवटच्या दिवसांतली म्हणून मिरवली जाते. पण एप्रिल १९४५ मध्ये फ्रेंचांनी ओबेर्नडॉर्फचा माउझर कारखाना ताब्यात घेतला आणि तिथे त्याच कोडने स्वतःच्या सैन्यासाठी रायफली बनवत राहिले. नळीवर बारीक चांदणी दिसली तर ती फ्रेंच समजावी. अशीला कुणी जर्मन भाग चढवून 'मूळ' केली, तर तो चक्क नवा इतिहास रचतोय.

अपर्णा_टोरांटो:
सुतारदादांनी वर्ष कोरणं चांगलंच. पण आतली बाजू गिऱ्हाइकाला दिसत नाही. पुढच्या वेळी विकाल तेव्हा जाहिरातीत 'गरुड शाबूत' हे शब्द लिहिणार का, एवढं दोघांनीही सांगा.