मदत हवी आहे: इंग्लंडमधली जुनी घोडेवाट नोंदवायची आहे, पुरावे कसे जुळवू?

अनघा_वाटसरू:

नमस्कार मंडळी,

आम्ही नऊ वर्षं इंग्लंडात, वेल्सच्या हद्दीजवळच्या एका खेड्यात राहतो. लेक इथे घोड्यावर बसायला शिकली, तिच्यामागून मीही. गावामागून एक वाट टेकडी ओलांडून पलीकडच्या गावात उतरते. तिच्यावरून वर्षानुवर्षं घोडी नेलेली माणसं गावात आजही आहेत. मार्चमध्ये शेत विकलं गेलं आणि नव्या मालकांनी दोन्ही टोकांना लाकडी पायऱ्यांचं कुंपण घातलं. माणूस चढून जातो, घोडं अडतं. विचारायला गेले तर त्यांनी कौन्सिलचा नकाशा दाखवला. त्यात ही वाट 'फुटपाथ' आहे, म्हणजे फक्त पायी जाण्याची.

आता उरला मोठा रस्ता. घोड्याजवळून ताशी १० मैलांच्या आत आणि २ मीटर अंतर ठेवून जा, असं २०२२ पासून इथल्या हायवे कोडमध्ये आहे. तरी वळणावर मागून ट्रक आला की घोडी बिचकते आणि माझ्या पोटात गोळा येतो. लेकीला तिथून पाठवणं मी बंद केलंय. इंग्लंडमधल्या सार्वजनिक वाटांपैकी जेमतेम २२ टक्के वाटांवर घोडा नेता येतो, त्यामुळे एक वाट गेली की अख्खी फेरी तुटते.

थोडं कायद्याचं. हे नकाशे १९४९ च्या कायद्याने करायला घेतले, आणि तेव्हा पुष्कळ घोडेवाटा, ज्यांना इथे ब्रिडलवे म्हणतात, निव्वळ पायवाटा म्हणून नोंदल्या गेल्या. दुरुस्तीसाठी १९८१ च्या कायद्याखाली कौन्सिलकडे अर्ज करता येतो. पण २००० च्या कायद्याने १९४९ पूर्वीच्या, नकाशावर न आलेल्या हक्कांना १ जानेवारी २०२६ ची मुदत घातली. पुढे ती २०३१ झाली. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने ही मुदतच काढून टाकू असं जाहीर केलं. मात्र घोषणेने कायदा बदलत नाही, म्हणून मी २०३१ धरूनच चाललेय.

अडचणी दोन आहेत.

वाट अडवली त्याआधीची सलग वीस वर्षांची वहिवाट दाखवावी लागते, आणि ती चोरून, जबरदस्तीने किंवा परवानगीने केलेली नको. माझी नऊच वर्षं, पण अनेकांची मिळून वीस चालतात. अकरा जणांचे फॉर्म जमलेत. त्यातल्या एक आजी सहज बोलून गेल्या, "जुना मालक फार भला, 'खुशाल जा' म्हणायचा." ही परवानगी ठरली तर सगळंच कोसळेल का?

दुसरं, सामाईक कुरणं वाटून कुंपणं घातली तेव्हाचा दोनशे वर्षांपूर्वीचा निवाडा अभिलेखागारात सापडला. त्यात 'सार्वजनिक घोडेवाट, रुंदी आठ फूट' असं स्पष्ट लिहिलंय! पण सोबतचा नकाशा गहाळ आहे. वाटेचं वर्णन 'अमक्याच्या वाट्यापासून तमक्याच्या जुन्या कुंपणापर्यंत' असं. ही शेतं आज कोणती, हे कसं ठरवू?

बांधकरी:

अनघाताई, मी तहसीलमध्ये पाणंद रस्त्यांची प्रकरणं वीस वर्षं पाहिली. आपल्याकडे अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ आहे, पण अडवल्यापासून सहा महिन्यांत दावा करावा लागतो. तुमचा कायदा वेगळा, जमीन जुळवायची रीत तीच. जुन्या कागदावरून आजच्या शेताकडे येऊ नका. आजच्या नकाशावरून एकेक टप्पा मागे जा. मालक बदलतात, बांध आणि ओढे सहसा जागेवर राहतात.

थेम्सकाठी:

काकांशी सहमत. मधला टप्पा म्हणजे १८४० च्या सुमाराचा टाइद नकाशा, म्हणजे चर्चला द्यायच्या दशांश करासाठी केलेला. त्याच्या सोबतच्या यादीत प्लॉट नंबरनिशी मालकांची नावं असतात, निवाड्यातली आडनावं तिथे शोधा. मग १९१० च्या जमीन मूल्यांकनाची फील्ड बुकं, ती लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. वाटेपायी मालकाने करात सूट घेतली असेल तर नोंद मिळेल. पायवाट की घोडेवाट हे त्यात बहुधा नसतं, त्यामुळे नुसत्या तेवढ्यावर विसंबू नका.

आजींची गोष्ट लपवू नका आणि त्यांच्या तोंडी शब्दही घालू नका. परवानगी एकट्या त्यांना होती की येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना, यावर बरंच अवलंबून आहे. आणि निवाड्यातली वाट हीच असं सिद्ध झालं तर वहिवाटीवाचून अडणार नाही. एकदा सार्वजनिक झालेली वाट वापर थांबला म्हणून मरत नाही. ब्रिटिश हॉर्स सोसायटीचे स्थानिक स्वयंसेवक असे अर्ज तपासून देतात, त्यांना गाठा.

अनघा_वाटसरू:

काका, थेम्सकाठी, मनापासून आभार. शनिवारी आजींकडे जाते. 'खुशाल जा' कुणाला म्हटलं, कोणत्या साली, एवढंच विचारेन आणि सांगतील तसं लिहून घेईन. टाइद नकाशाची प्रत मागवलीय. इथे कुणी असा अर्ज स्वतः केला असेल तर कौन्सिलकडून निर्णय यायला किती काळ गेला, तेवढं कृपया सांगा. लेक रोज विचारते.