टी-बॅगचा चहा पाणचट होतो, त्यात दोष पिशवीचा नाही

किटली:
टी-बॅग म्हणजे नुसतं रंगीत पाणी, हे इतक्यांदा ऐकू येतं की लोक ती नीट वापरून बघतच नाहीत. माझं ठाम मत आहे की चहा बिघडतो तो तीन गोष्टींनी: पाण्याला खळखळून उकळी आलेली नसते, कप मोठा असतो, आणि पिशवी मिनिटभरात बाहेर काढली जाते.

एका पिशवीत साधारण २ ग्रॅम चहा असतो. आयएसओ ३१०३ या आंतरराष्ट्रीय मानकात १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटं असं प्रमाण आहे. पण तो चाखून तुलना करण्यासाठीचा चहा, म्हणून कडक. प्यायला २ ग्रॅमला १८० ते २०० मिलिलिटर पाणी ठीक. ३०० मिलिलिटरच्या मगात एकच पिशवी टाकायची आणि वर चहाला नावं ठेवायची, याला अर्थ नाही.

कप आधी गरम पाण्यानं विसळा, कारण जाड थंड कप ओतल्या ओतल्या पाण्याची उष्णता ओढून घेतो. पिशवी आधी ठेवा, उकळतं पाणी थेट तिच्यावर ओता, वर बशी झाका, ३ ते ४ मिनिटं थांबा. रंग पहिल्या मिनिटातच उतरतो आणि तिथेच फसगत होते. चहाला भरीवपणा देणारे घटक मागाहून, सावकाश उतरतात.

सुटी_पत्ती:
पद्धत बरोबर, निष्कर्ष चूक. मुळात पिशवीत काय भरलंय ते बघा. बहुतेक साध्या पिशव्यांत फॅनिंग्ज (पानाचे बारीक तुकडे) किंवा डस्ट (त्याहून बारीक भुकटी) असतो. कण जितका बारीक तितका पाण्याशी संपर्क जास्त, म्हणून रंग झटकन येतो. पण त्याच कारणानं सुवासही साठवणुकीतच उडून जातो. अख्खं पान भिजलं की कितीतरी पट फुगतं, उलगडतं. चपट्या कागदी पिशवीत त्याला जागाच नसते. मधला चहा अर्धवट भिजतो. ४ मिनिटं थांबून तुम्हाला तुरटपणा मिळेल, सुगंध कुठून आणणार?

किटली:
सुगंधी काळ्या चहापुरतं मान्य. नाजूक, अख्ख्या पानाचा चहा पिशवीत घालूच नये. पण फॅनिंग्ज, डस्ट या प्रती (ग्रेड) चाळणीवर, म्हणजे कणाच्या आकारावर ठरतात. चांगल्या पानाचा बारीक माल सुमार पानाच्या मोठ्या मालापेक्षा उजवाच. आणि दूध घालून पिणाऱ्याला हवा असतो कडकपणा. सीटीसी यंत्रं आसामात १९३० च्या सुमारास आली ती पान चुरून, फाडून, गोळी वळून लवकर उतरणारा चहा देण्यासाठीच. दुधात टिकेल असा चहा २ ग्रॅममध्ये हवा असेल तर सीटीसीची पिशवी अख्ख्या पानापेक्षा जास्त काम करते.

गाळणी:
पानाला जागा हवी म्हणून लोक पिरॅमिड पिशव्यांकडे वळतात, तेव्हा ती जाळी कशाची आहे हेही बघा. कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात नायलॉन आणि पीईटी (बाटल्यांचं प्लास्टिक) यांच्या पिशव्यांतून ९५ अंशांच्या पाण्यात अब्जावधी सूक्ष्म प्लास्टिक कण सुटल्याचं नोंदवलं होतं. त्या मोजणीवर पुढे आक्षेप घेतले गेले. तरी उकळत्या पाण्यात प्लास्टिक बुडवायचं कारणच काय, हा माझा प्रश्न.

कागदी पिशवीची कड उष्णतेनं चिकटवलेली असेल तर कागदात पॉलिप्रॉपिलीनसारखा प्लास्टिकचा धागा असू शकतो. कड दुमडून वर पिन मारलेली दुहेरी कप्प्याची पिशवी घ्या, तिला चिकटवायची गरज नसते. टीकाने या जर्मन कंपनीच्या अडॉल्फ रॅम्बोल्ड यांनी तिचं यंत्र १९४९ मध्ये बाजारात आणलं. पाणी दोन्ही कप्प्यांच्या मधूनही फिरतं, हा तिचा दुसरा फायदा. शंका असेल तर रिकामी पिशवी वाळवून चिमट्यात धरा आणि कोपरा पेटवा: कागद जळून राख होते, नायलॉन आक्रसतं आणि टोकाला कडक मणी धरतो. मक्यापासूनच्या पीएलए या प्लास्टिकच्या जाळीचाही मणीच होतो, आणि घरच्या खतखड्ड्यात ती सहजी कुजत नाही.

क्षार:
पिशवी आणि पत्तीवर सगळे भांडताहेत, पाण्याबद्दल अवाक्षर नाही! चहावर तेलकट दिसणारी तपकिरी साय येते, हलवली की तिचे तुकडे होऊन कपाच्या काठाला चिकटतात. ते तेल नव्हे. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांच्यामुळे चहातले पॉलिफिनॉल (तुरटपणा देणारे घटक) हवेशी संयोग पावून तो थर धरतात. लिंबाचे दोन थेंब टाकले तर धरत नाही, गाळून जडपणा कमी केलेल्या पाण्यातही नाही. याउलट क्षार जवळपास नसलेल्या पाण्यात तुरट घटक जास्त उतरतात. तिथे अर्धा मिनिट आधीच पिशवी काढा.

आणि उकळलेलं पाणी परत उकळू नये. त्यातला प्राणवायू निघून जातो.

किटली:
सायीबद्दल पूर्ण सहमत. प्राणवायूचं मात्र पटत नाही. पाणी पहिल्यांदा १०० अंशांना पोचलं की त्यात विरघळलेला प्राणवायू नावालाच उरतो, मग दुसऱ्या उकळीनं काय बिघडणार? उलट उकळल्यानं तात्पुरता जडपणा थोडा खाली बसतो. किटलीच्या तळाचा पांढरा थर तोच.

कपबशी:
पिशवी असतानाच दूध घातलं तर वेळ वाचत नाही का? आणि शेवटी पिशवी पिळावी की नाही?

सुटी_पत्ती:
दूध आधी नको. ९० अंशांच्या १५० मिलिलिटर चहात फ्रिजमधलं ५० मिलिलिटर दूध गेलं की तापमान ७० च्या खाली येतं आणि पुढचं उतरणं मंदावतं. पिळूही नका. पिशवीत अडकलेला अर्क कपातल्या चहापेक्षा दाट आणि तुरट असतो, शिवाय शिवण फाटली की गाळ कपात.

किटली:
बिनदुधाच्या चहासाठी हे बरोबर. दुधाच्या चहासाठी चमच्यावर एकदा हलकं दाबायला हरकत नाही. दुधातलं केसीन हे प्रथिन तो तुरटपणा बांधून टाकतं. ग्रीन टीची पिशवी मात्र कधीच दाबू नये, आणि तिला उकळतं पाणीही नको. पाणी उकळून एका थंड भांड्यात, मग तिथून कपात ओतलं की ८० च्या आसपास येतं. २ मिनिटं पुरे.

सुटी_पत्ती:
निदान खोका घेताना निव्वळ वजनाला पिशव्यांच्या संख्येनं भागा. २५ पिशव्या आणि ५० ग्रॅम म्हणजे २ ग्रॅमची पिशवी. दीड ग्रॅम निघाला तर पाणीही १५० मिलिलिटरच घ्या. सुटं फॉइलचं वेष्टण नसेल तर खोका उघडल्यावर पिशव्या घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यांपासून लांब. सुवासाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.